सर्व्हर स्लो नाहीये, प्रश्न चुकलाय

आजचा विषय जरा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. मी कोड वाचून दाखवणार नाहीये. पॉडकास्टवर कोड वाचून दाखवणं म्हणजे रेडिओवर रांगोळी दाखवणं. आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये नसाल तरी ऐका, कारण या सगळ्याचा त्रास शेवटी तुम्हालाच होतो.

कसा? तुम्ही बँकेत जाता, दवाखान्यात जाता, कुठला तरी दाखला काढायला जाता. काउंटरपलीकडचा माणूस एक बटण दाबतो. मग तो स्क्रीनकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे बघता, आणि मागचे वीस जण तुमच्याकडे बघतात. थोड्या वेळाने ते अमर वाक्य येतं, "आज सर्व्हर स्लो आहे हो." पूर्वी "साहेब जेवायला गेलेत" हे वाक्य जे काम करायचं ना, ते आता हे करतं. त्याच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही.

बीटेक झाल्यापासून माझा बराचसा वेळ दुसऱ्यांनी लिहिलेल्या डेटाबेस क्वेरी दुरुस्त करण्यात गेलाय. त्यावरून सांगतो, मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी बिचारा सर्व्हर धडधाकट होता. त्याला विचारलेला प्रश्न वाईट होता. क्वेरी म्हणजे शेवटी काय, प्रश्नच. तर हे वाईट प्रश्न कसे असतात ते आज बघू, आणि त्याची किंमत कोण मोजतं तेही बघू.

आधी थोडा इतिहास, एकच मिनिट. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमध्ये एडगर कॉड नावाच्या माणसाने एक पेपर लिहिला. म्हणणं साधं होतं. माहिती तक्त्यांमध्ये ठेवा, आणि माणसाने फक्त "काय हवंय" ते सांगावं, "कसं शोधायचं" ते मशीन बघेल. त्याआधी प्रोग्रामरला कुठल्या कप्प्यातून कुठल्या कप्प्यात जायचं तो सगळा रस्ता स्वतः लिहून द्यावा लागायचा. मग १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी याच विचारावर एक भाषा मांडली. नाव ठेवलं सीक्वेल. पुढे ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे ते एसक्यूएल झालं. म्हणून ऑफिसात अजूनही अर्धे लोक सीक्वेल म्हणतात आणि अर्धे एसक्यूएल, आणि दोघांनाही दुसरा अडाणी वाटतो.

आता यातली मेख बघा. "काय हवंय" एवढंच सांगायचं असल्यामुळे ही भाषा शिकायला सोपी आहे. तुम्ही म्हणालात "चहा आण", की चहा येतो. तो कोपऱ्यावरच्या टपरीवरून आणला की आसामला जाऊन पानं खुडून आणला, हे कपाकडे बघून कळत नाही. दोन्ही वेळा चहाच असतो. फक्त एक दोन मिनिटांत येतो आणि एक पुढच्या आठवड्यात.

वाईट प्रश्नांचा पहिला प्रकार म्हणजे सिलेक्ट स्टार. याचा अर्थ, "या तक्त्यातले सगळे रकाने दे." तुम्हाला हवंय फक्त पेशंटचं नाव. पण लिहायला सोपं म्हणून स्टार टाकला. आता त्या तक्त्यात नाव आहे, पत्ता आहे, ॲलर्जी आहे, आणि कुणीतरी हौसेने पेशंटचा फोटोही त्याच तक्त्यात कोंबलाय. म्हणजे यादीत ५०० नावं दाखवायची, तर ५०० फोटो नेटवर्कवरून येणार, कुणीही ते बघणार नाही, आणि मग ते फेकून देणार. आईने सांगितलं, फ्रीजमधून कोथिंबीर आण. तुम्ही अख्खा फ्रीज ओढत ओट्याजवळ आणलात. कोथिंबीर आली, नाही असं नाही!

दुसरा प्रकार माझा सगळ्यात लाडका. याला एन प्लस वन म्हणतात. समजा घरात सामानाची यादी आहे, चाळीस जिन्नस. शहाणा माणूस पिशवी घेतो, एकदा दुकानात जातो, चाळीसही वस्तू घेऊन येतो. आमचा प्रोग्रामर काय करतो? आधी एकदा जाऊन यादी आणतो. मग मीठ आणायला जातो. घरी येतो. मग तूरडाळीसाठी जातो. घरी येतो. असे चाळीस जिन्नस आणि एक यादी, एक्केचाळीस खेपा. दुकानदार एका खेपेला एकच मिनिट लावतो. तो कार्यक्षमच आहे! पण तुमची दुपार गेली.

आणि हे मुद्दाम कुणी करत नाही, बरं का. हल्ली आपण थेट एसक्यूएल कमी लिहितो. मधे एक लायब्ररी असते, ओआरएम म्हणतात तिला. तुम्ही साधं लूप लिहिता, "प्रत्येक ऑर्डरसाठी ग्राहकाचं नाव छाप." दिसायला निरागस, तीन ओळी. पडद्यामागे ती लायब्ररी दर ऑर्डरला एकदा डेटाबेसकडे पळत असते. कोडमध्ये ते पळणं दिसतच नाही. दिसतं फक्त लॉगमध्ये, आणि लॉग बघायची सवय आपल्याकडे किती जणांना आहे, ते मी सांगायला नको.

तिसरा प्रकार इंडेक्सचा. जुनी टेलिफोन डिरेक्टरी आठवते? आमच्या पिढीने ती मुख्यतः खुर्चीवर उंचीसाठी वापरली, पण तिची रचना भारी होती. आडनावाप्रमाणे क्रम. "तेंडुलकर" शोधायचं तर आपण थेट त च्या पानांवर जातो. इंडेक्स म्हणजे हेच. फक्त डेटाबेसचा इंडेक्स झाडासारखा असतो. एका पानावरून समजा ३०० फाटे फुटतात. तर तीन पायऱ्यांत ३०० गुणिले ३०० गुणिले ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदींपैकी हवी ती सापडते. तीन उड्यांत! आणि इंडेक्स नसेल, तर पहिल्या ओळीपासून वाचत सुटायचं.

आता गंमत ऐका. इंडेक्स असतो, पण प्रश्नच असा विचारतात की तो वापरता येत नाही. उदाहरणार्थ, "ज्यांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' येतं अशा सगळ्यांना शोध." डिरेक्टरी लागलीये पहिल्या अक्षराप्रमाणे आणि तुम्ही विचारताय शेवटचं! महाराष्ट्रात तर निम्मं गाव हाती लागेल. एसक्यूएलमध्ये लाइक लिहून सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह टाकलं की नेमकं हेच होतं. साधा इंडेक्स हात वर करतो, म्हणतो, माझ्याच्याने होणार नाही, सगळी पानं उलटा.

याचंच भावंडं म्हणजे तारीख. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स आहे. प्रश्न विचारला, "प्रत्येक तारखेतून वर्ष काढ आणि ते २०२३ आहे का बघ." झालं, आता प्रत्येक नोंद उचलून तिचं वर्ष काढत बसणं आलं. त्याऐवजी "१ जानेवारी २०२३ पासून, १ जानेवारी २०२४ च्या आधीपर्यंत" असं विचारलं असतं, तर इंडेक्स थेट त्या पानावर गेला असता. उत्तर तेच. पण एकाला टपरीवरचा चहा, दुसऱ्याला आसाम.

आता इथपर्यंत तुम्ही म्हणाल, ठीक आहे रे, दोन सेकंदांच्या ऐवजी दहा सेकंद लागले, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तर एक किस्सा सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, हॉस्पिटलचंही नाही.

तिथे तक्रार होती की डिस्चार्जचं बिल निघायला फार वेळ लागतो. आमच्या ऑफिसमधून फोनवर तीनदा उत्तर गेलं होतं, "सर्व्हरची रॅम वाढवा." त्यांनी वाढवली, पैसे खर्चून. फरक शून्य. शेवटी मला प्रत्यक्ष पाठवलं. मी बिलिंग काउंटरच्या आत, काकूंच्या शेजारी स्टूलवर बसलो. पन्नाशीच्या काकू, बावीस वर्षांची नोकरी. समोर रांग. एक आजोबा व्हीलचेअरवर, घरी जायला तयार, मांडीवर औषधांची पिशवी. त्यांचा मुलगा खिडकीशी उभा, आणि बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली.

काकूंनी बिल उघडलं. थांबल्या. सवलत टाकली, पुन्हा थांबल्या. प्रिंट दिली, पुन्हा थांबल्या. मी घड्याळ लावून बसलो होतो, सव्वाचार मिनिटं. आणि या वेळात त्या गप्प नव्हत्या. शेजारी एक वही होती, तीत सगळं बिल हाताने उतरवून बेरीज करत होत्या. मी विचारलं, "काकू, हे का?" तर म्हणाल्या, "अहो, अडकलं तर लोक खोळंबतात ना. आणि माझंच काहीतरी चुकत असेल. मला हे कॉम्प्युटर नीट जमत नाही."

मंडळी, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. कारण मी तोपर्यंत लॉग पाहिला होता. त्या आजोबांचं बिल ११ दिवसांचं, ३४० ओळींचं. प्रत्येक ओळीचा दर शोधायला प्रोग्राम वेगळी खेप मारत होता, म्हणजे आपलं ते मीठ आणि तूरडाळ. दरांच्या तक्त्यात गेल्या कित्येक वर्षांचे दर, सहा लाखांच्या आसपास नोंदी, आणि त्यावर इंडेक्स नाही. म्हणजे प्रत्येक खेपेला अख्खी डिरेक्टरी पहिल्या पानापासून वाचायची. एका खेपेला साधारण पाव सेकंद. आता ३४० ला पावने गुणा, ८५ सेकंद. आणि हे बिल तीनदा बनत होतं, उघडताना, सवलतीला आणि प्रिंटला. ८५ त्रिक २५५ सेकंद. सव्वाचार मिनिटं! काकूंच्या हाताला यातला एकही सेकंद चिकटलेला नव्हता.

दुरुस्ती केवढी? दरांचा तक्ता जोडून सगळं एका खेपेत आणणारी एक क्वेरी, आणि एक इंडेक्स. बिल एका सेकंदाच्या आत निघायला लागलं. काकूंनी पहिल्यांदा प्रिंट दिली तेव्हा त्यांना वाटलं, अर्धवटच आलं. त्यांनी वहीतली बेरीज ताडून पाहिली, मगच कागद खिडकीबाहेर दिला.

ज्याने तो कोड लिहिला तो काही मूर्ख नव्हता. त्याचा मूळ कोड मी वाचला, नीटनेटका होता. पण त्याच्या लॅपटॉपवर टेस्ट डेटामध्ये पेशंट होते तीन. "टेस्ट", "टेस्ट टेस्ट" आणि "अबक". तिघांच्या बिलात मिळून दहा ओळी, दरांच्या तक्त्यात वीस नोंदी. वीस नोंदींमध्ये इंडेक्स असला काय, नसला काय! त्याच्याकडे बटण दाबलं की बिल हजर. "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य खोटं नसतंच. फक्त त्याच्या मशीनवर कुणी आजारी पडत नाही.

बरं, स्लो क्वेरीचं एक चांगलं आहे. ती निदान दिसते. लोक ओरडतात, फोन येतात. त्याहून डेंजर म्हणजे जी झटकन उत्तर देते आणि चुकीचं देते. डेटाबेसमध्ये नल नावाचा प्रकार असतो. नल म्हणजे शून्य नाही, रिकामंही नाही. नल म्हणजे "माहीत नाही". आता तुम्ही विचारलंत, "ज्या पेशंटचे नंबर बिलांच्या यादीत नाहीत, ते दाखव." म्हणजे कुणाचं बिल राहिलंय ते बघू. आणि बिलांच्या यादीत एका ठिकाणी पेशंटचा नंबर नल आहे. डेटाबेस विचार करतो, हा ४२ नंबरचा पेशंट यादीत नाही असं वाटतंय, पण ते एक "माहीत नाही" आहे ना, ते कदाचित ४२ असेल. मग मी छातीठोक कसं सांगू? प्रत्येक पेशंटला हाच न्याय. उत्तर काय येतं? शून्य ओळी. आणि ऑफिसमध्ये पेढे वाटतात, की एकही बिल बाकी नाही! सरकारी खात्यातल्या अतिसावध कारकुनासारखं आहे हे. एका कागदावर सही नाही, म्हणून सगळी फाइल अडवून ठेवली. नॉट इन ऐवजी नॉट एक्झिस्ट्स लिहिलं असतं तर हा घोळ टळला असता.

आणि आपल्या मराठीवरचा अन्याय तर विचारूच नका. काही जुन्या सिस्टिममध्ये नावाचा रकाना अशा प्रकारचा असतो की त्यात देवनागरी अक्षरांना जागाच नाही. मग डेटाबेस एरर देत नाही, तर गुपचूप प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. "श्रीकांत" टाईप करा, आठ प्रश्नचिन्हं उमटतील. मोजून बघा, श, हलन्त, र, दीर्घ ई, क, काना, अनुस्वार, त. आणि एकदा सेव्ह झालं की मूळ नाव परत मिळत नाही. श्रीकांतला काय वाटत असेल? जन्मभर ज्याने स्वतःचं नाव छातीठोक सांगितलं, त्याच्याबद्दल कॉम्प्युटरला आठ शंका!

वसईच्या डिमेलो आणि डिसोझांचं दुःख अजून वेगळं. इंग्रजीत लिहिताना त्यांच्या आडनावात डी नंतर वर एक छोटा स्वल्पविराम येतो, अपॉस्ट्रॉफी. एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असतं. जिथे प्रोग्रामरने लोकांनी टाईप केलेलं जसंच्या तसं क्वेरीत चिकटवलंय, तिथे डिमेलोंनी फॉर्म भरला की स्क्रीनवर एरर. आणि त्यांना सांगतात, "तुम्ही नाव बदलून टाका ना, ते चिन्ह काढा." अहो, नाव त्यांचं बरोबर आहे! उलट डिमेलोंचे आभार माना. त्यांनी फुकटात दाखवून दिलं की दार उघडं आहे. कारण ज्या फटीतून डिमेलोंचा स्वल्पविराम आत जातो, त्याच फटीतून चोराची आख्खी क्वेरी आत जाते. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ साली फ्रॅक नावाच्या हॅकर नियतकालिकात यावर लेख आला होता. उपाय तेव्हापासून ठाऊक आहे. माहिती वेगळी पाठवा, क्वेरी वेगळी पाठवा, दोन्ही चिकटवू नका. तरी लोक अजून चिकटवतायत.

शेवटचा प्रकार, ज्याने घाम फुटतो. व्हेअर नसलेलं अपडेट. "दर ५०० कर" असं लिहिलं, आणि "कुठल्या खोलीचा" ते लिहायच्या आधीच एंटर. आता सगळ्या हॉस्पिटलमध्ये सगळ्याचा दर ५००. जनरल वॉर्ड ५००, आयसीयू ५००, सुईपण ५००. मायएसक्यूएलमध्ये यावर एक सेटिंग आहे. ते चालू केलं की व्हेअर नसलेलं अपडेट किंवा डिलीट तो सरळ नाकारतो. अधिकृत नाव आहे सेफ अपडेट्स. पण त्याच सेटिंगला दुसरंही नाव दिलंय, आय ॲम अ डमी. म्हणजे "मी ढ आहे". खरंच आहे, मी बनवून सांगत नाहीये. माझं मत विचाराल तर प्रत्येक सीनियरने ते अभिमानाने चालू ठेवावं.

आणि बॅकअप आहे ना, मग कशाला चिंता, असं ज्यांना वाटतं त्यांनी गिटलॅबची गोष्ट वाचावी. ३१ जानेवारी २०१७. एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाची फोल्डर उडवली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. बॅकअप फसल्याच्या ईमेल जायच्या, पण त्या मेल सर्व्हर नाकारत होता! सहा तासांपूर्वी कुणीतरी सहज काढून ठेवलेली एक कॉपी होती, तिने वाचवलं. त्यांचा मोठेपणा असा, की त्यांनी हे सगळं स्वतः जाहीर लिहून ठेवलं आणि त्या एका माणसाच्या माथी मारलं नाही. बॅकअप परत चढवून पाहिलेला नसेल, तर तो बॅकअप नाही, ती नुसती श्रद्धा आहे.

तर मंडळी, जे या धंद्यात आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. क्वेरी लिहिली की तिच्यापुढे एक्स्प्लेन लावून बघा. तो कुठल्या रस्त्याने जाणार आहे ते डेटाबेस स्वतः सांगतो, विचारा तर खरं. टेस्ट डेटात तीन नाही, तीन लाख पेशंट घाला, आणि त्यात एक श्रीकांत, एक डिमेलो आणि एक नल असू द्या. अपडेट लिहिण्याआधी तीच अट लावून सिलेक्ट करा, किती ओळी येतात ते मोजा, आणि ट्रान्झॅक्शन उघडून मगच हात घाला. आणि चौथी, वर्षातून एकदा तरी तुमचं सॉफ्टवेअर जो वापरतो त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसा. लॉगमध्ये २५५ सेकंद हा फक्त आकडा असतो. काउंटरवर बसलात की कळतं, तेवढ्या वेळात किती जण पाय बदलून उभे राहतात.

आणि जे या धंद्यात नाहीत, त्यांना एकच सांगतो. पुढच्या वेळी "सर्व्हर स्लो आहे" ऐकलंत की समोरच्या माणसावर चिडू नका, आणि तुम्हीच त्या खुर्चीत असाल तर स्वतःला ढ समजू नका. तुम्ही बटण बरोबरच दाबलंय. त्या बटणामागचा प्रश्न कुणीतरी घाईत विचारून ठेवलाय. तक्रार जरूर करा, आणि लेखी करा. किती वाजता, कुठल्या स्क्रीनवर, किती मिनिटं लागली, एवढं लिहा. आमच्यासारख्यांना त्या एका ओळीवरून अर्धी चूक सापडते.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ऑफिसमधली सगळ्यात जुनी "टेम्पररी" दुरुस्ती कुठली ते मला नक्की कळवा. पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर त्याला मी जुनी म्हणत नाही. भेटू पुढच्या भागात!